प्रांतिक बँकेचे भाग आणि दीर्घ मुदतीची मिळकत

बँकेंत ठेव ठेवणारा आणि त्याच बँकेचे भाग घेणारा हे दोघेहि एकाच दारानें आंत जातात. परंतु त्यांचें नशीब एक नसतें. ठेवीदार हा बँकेचा धनको होय व भागधारक हा तिचा मालक होय. धनकोला ठरलेलें व्याज मिळतें आणि संकटसमयीं त्याचें देणें आधीं पाहिलें जातें. मालकाच्या वाट्याला सर्वांचीं देणीं भागल्यावर जें उरेल तेवढेंच येतें. आपल्या गांवची बँक, ओळखीची मंडळी, घराजवळची शाखा, एवढ्या विश्वासावर ज्या कुटुंबांनीं तिचे भाग घेऊन कपाटांत ठेवले, त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत ठेव व भाग यांतील हा भेद स्पष्ट नसतो. “बँकेचा कागद आहे, ठेवला कीं वाढतो,” अशी सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहणें उद्‌बोधक होईल.

प्रथम मिळकत कशी मोजावयाची तें पाहूं. भागाची आजची किंमत व खरेदीची किंमत यांतील फरक म्हणजे मिळकत नव्हे. त्यांत दरवर्षीं मिळालेला लाभांश मिळवावा लागतो, बोनस म्हणून मिळालेले भाग धरावे लागतात, हक्काचे नवे भाग घेण्यासाठीं पुन्हां भरलेली रक्कम वजा करावी लागते. आणि शेवटीं मधल्या काळांतील महागाई लक्षांत घ्यावी लागते. दसादशे सात टक्क्यांची वाढ चक्रवाढीनें सुमारें दहा वर्षांत रकमेची दुप्पट करते. परंतु जिन्नसांचे भावहि त्याच वेगानें वाढले असतील, तर कुटुंबाच्या पदरांत कांहींच अधिक पडलें नाहीं असें म्हणावें लागेल.

बँकेच्या भागाला आणखी एक धोका जन्मतःच चिकटलेला असतो. बँक मुख्यतः दुसऱ्याच्या पैशावर व्यापार करते. समजा, तिनें शंभर रुपये कर्जाऊ दिले आहेत व त्यांपैकीं आठच रुपये भागधारकांचे आहेत. शंभरांतील चार रुपये बुडाले, तर ठेवीदाराला त्याची झळहि लागत नाहीं. परंतु भागधारकाचें अर्धें भांडवल नाहींसें होतें. आठ बुडाले कीं त्याचा हिशेब संपला. प्रांतिक बँकेचीं कर्जें बहुधा एका मुलुखांत व थोड्या धंद्यांत गुंतलेलीं असल्यामुळें तो मुलूख किंवा तो धंदा बसला, तर धक्का एकदम बसतो.

आतां पुण्याचें उदाहरण घेऊं. बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १६ सप्टेंबर १९३५ रोजीं झाली व ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं तिचे व्यवहार सुरू झाले. अधिकृत भांडवल दहा लाख रुपयांचें होतें. १९६९ च्या जुलैंत ज्या चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें त्यांत ही एक होती. पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयानें १० फेब्रुवारी १९७० रोजीं रद्द ठरविला. त्यानंतर झालेल्या नव्या कायद्यानें चौदा बँकांची मिळून ८७ कोटि ४० लाख रुपये भरपाई ठरली व त्यांत या बँकेच्या जुन्या कंपनीची रक्कम २ कोटि ३० लाख होती. येथें पहिल्या भागधारकांच्या वहीचें शेवटचें पान लिहिलें गेलें. बँक पुढें वाढली. पण त्या वाढीशीं त्यांचा संबंध उरला नाहीं.

याच बँकेचे भाग २००४ सालीं पुन्हां लोकांना विकण्यांत आले. दहा रुपये दर्शनी किंमतीचा भाग तेवीस रुपयांस मिळाला. २०१७ च्या जूनमध्यें थकलेल्या कर्जांमुळें रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले. ते २०१९ च्या जानेवारींत उठले. २०२० च्या मार्चमध्यें भागाचा भाव दर्शनी किंमतीच्याहि खालीं गेला होता. २०२४ अखेर तो पन्नास रुपयांच्या थोडा वर होता. लाभांश सोडून हिशेब केला, तर वीस वर्षांत दसादशे सुमारें चार टक्के वाढ पडते, आणि महागाईचा सरासरी वेग त्याहून अधिक होता. याचें एक मोठें कारण असें कीं, बँकेला सांवरण्यासाठीं वेळोवेळीं नवें भांडवल घालावें लागलें. २००४ नंतर सुमारें ४३० कोटि रुपये असलेलें भागभांडवल २०२३ पर्यंत ७,००० कोटींच्या वर गेलें. पोळी मोठी झाली खरी. पण जेवणाऱ्यांची संख्या सोळापट झाली.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालीं निघाली. २००६ च्या सप्टेंबरमध्यें तिचे व्यवहार तात्पुरते थांबविण्यांत आले आणि पुढच्याच महिन्यांत ती आयडीबीआय बँकेंत विलीन झाली. भागधारकांना दर भागास २८ रुपये रोख मिळाले. येथें पैसा हातीं आला, परंतु वाढीचा धागा तुटला. पुढची मिळकत तो पैसा ज्यानें त्यानें कोठें घातला यावर अवलंबून राहिली.

सांगली बँक १९१६ सालची. २००७ च्या एप्रिलमध्यें ती आयसीआयसीआय बँकेंत मिळाली, तेव्हां सांगली बँकेच्या ९२५ भागांबद्दल त्या बँकेचे १०० भाग देण्यांत आले. २०१४ सालीं एका भागाचे पांच भाग झाले, म्हणजे शंभराचे पांचशें. २०१७ सालीं दहांमागें एक बोनस मिळाला, म्हणजे साडेपांचशें. २००७ सालीं त्या शंभर भागांची किंमत लाख रुपयांच्या आंत होती. २०२४ अखेर साडेपांचशें भागांची किंमत साडेसहा लाखांच्या वर गेली होती. गांवच्या बँकेचें नांव पुसलें गेलें, पण मालकी टिकली.

चौथें उदाहरण महाराष्ट्राबाहेरचें, तामिळनाडूंतील करूर गांवचें. तेथें १९१६ सालीं करूर वैश्य बँक निघाली व १९२६ सालीं लक्ष्मी विलास बँक. गांव एक, व्यापारी समाज एक, काळहि जवळपास एक. पहिली शंभरी ओलांडून चालू राहिली. दुसरीवर २०१९ च्या सप्टेंबरमध्यें रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २७ नोव्हेंबर २०२० रोजीं ती डीबीएस बँक इंडियांत विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या. भागभांडवल मात्र संपूर्ण रद्द करण्यांत आलें. चौऱ्याण्णव वर्षांच्या बँकेचा भाग एका दिवसांत शून्य झाला.

यावरून दीर्घ मुदतीच्या कोष्टकांविषयीं एक सावधगिरी शिकावी. पन्नास वर्षांत अमुक बँकेचा भाग कितीपट झाला हें जेव्हां सांगितलें जातें, तेव्हां तें बहुधा जगलेल्या बँकेविषयीं असतें. सातारा व लक्ष्मी विलास यांचीं नांवें त्या कोष्टकांत नसतात. ज्यानें १९२६ सालीं करूरमध्यें भाग घेतला, त्याला दोहोंपैकीं कोणती बँक टिकेल हें सांगणारा कोणी नव्हता.

तेव्हां प्रांतिक बँकेचे भाग घेऊंच नयेत असा याचा अर्थ नाहीं. मात्र अडीअडचणीचा पैसा, मुलांच्या शिक्षणाचा व म्हातारपणाचा पैसा ठेवींतच असावा. भागांत तेवढाच घालावा कीं जो शून्य झाला तरी घर चालेल. वार्षिक अहवाल आल्यावर तीन आंकडे पाहावेत : थकलेल्या कर्जांचें प्रमाण, भांडवलाचें प्रमाण, आणि भागांची एकूण संख्या गेल्या वर्षापेक्षां किती वाढली. रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातल्याची वार्ता आल्यास ती वाचून बाजूला ठेवूं नये. करूरच्या भागधारकांना अशी सूचना मिळाल्यापासून शेवटापर्यंत चौदा महिने मिळाले होते. कपाटांतील कागद वर्षांतून एकदां तरी बाहेर काढून तपासावा, एवढा शिरस्ता प्रत्येक घरांत असणें इष्ट आहे.