चेहऱ्यातील फिलर : निवड, सुरक्षितता आणि आपली जबाबदारी

रावेत, किवळे, पुनावळे या पट्ट्यात गेल्या दोन दशकांत शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. हिंजवडीत नोकरी करणारा तरुण वर्ग येथे वास्तव्यास आला आणि त्याच्या पाठोपाठ सौंदर्योपचार केंद्रेही आली. मुखलेप वा कुंकुमादि तैल मागावयास येणारी रुग्णा आता "वैद्य, लग्नाआधी ओठांत फिलर घेऊ का?" असेही विचारते. "ते आपले शास्त्र नव्हे" असे उत्तर देऊन मोकळे होता येते. परंतु इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी काळानिळा पडलेला गाल घेऊन तीच रुग्णा प्रथम आपल्याच दारी येण्याचा संभव असतो. त्या वेळी आपण काय करतो, यावर तिची त्वचा, क्वचित दृष्टीही, अवलंबून राहते.

सुरकुत्यांसाठी देतात ते बोटुलिनम स्नायू शिथिल करते. फिलर पोकळी भरून काढते. दोन्हींची गल्लत रुग्ण नेहमी करतात. आज सर्वाधिक वापरले जाणारे फिलर हायलुरॉनिक आम्लाच्या जेलचे असते. हे द्रव्य १९३४ मध्ये मायर व पामर यांनी गुरांच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून प्रथम वेगळे केले. अमेरिकेत १९८१ मध्ये गोजन्य कोलॅजेनास आणि डिसेंबर २००३ मध्ये हायलुरॉनिक जेलला मान्यता मिळाली. त्याचा परिणाम साधारणतः सहा ते बारा महिने टिकतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट व पॉलिलॅक्टिक आम्ल याहून अधिक काळ टिकतात, तर पीएमएमएचे सूक्ष्म कण कायमचे राहतात. "कायमचे" हा शब्द जाहिरातीत गोड वाटतो. आम्हांस तो धोक्याचा वाटतो. हायलुरॉनिक जेल हायलुरॉनिडेज या विकराने विरघळविता येते, इतरांना असा उतारा नाही. म्हणून प्रथमच फिलर घेणाऱ्याने हायलुरॉनिक जेलखेरीज दुसरे काही स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चरबी वाढविण्यासाठी वा उठाव देण्यासाठी द्रव सिलिकॉन टोचून देऊ म्हणणाऱ्याच्या दारात पाऊलही ठेवू नये.

खरा धोका रक्तवाहिनीचा आहे. जेल धमनीत शिरले तर पुढील त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. दाबाखाली ते उलट दिशेने नेत्रधमनीपर्यंत पोहोचले तर डोळा जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फिलर व चरबीच्या इंजेक्शनानंतर दृष्टी गेल्याची जगभरातील ९८ प्रकरणे संकलित केली होती. त्यांत भ्रूमध्य हे सर्वांत धोक्याचे स्थान ठरले, त्याखालोखाल नाक. सुश्रुतांच्या शारीरस्थानातील सहावा अध्याय येथे स्मरतो. भ्रूमध्यातील स्थपनी, नासामार्गाच्या दोन्ही बाजूंचे फणा, नेत्राच्या बाह्य कोपऱ्यातील अपांग ही तिन्ही तेथे सिरामर्मे म्हणून गणली आहेत आणि अपांगाच्या आघाताने दृष्टिहानी सांगितली आहे. आधुनिक शवविच्छेदनाचा नकाशा व मर्मगणना एकच, असा दावा आम्ही करीत नाही; पण ज्याने मर्मशारीर वाचले आहे, त्यास या स्थानांची भीती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

प्रमाण अत्यल्प आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांकडून माहिती घेतलेल्या एका अभ्यासात सुईने दिल्यास सुमारे ६,४१० सिरिंजांमागे एक आणि बोथट टोकाच्या कॅन्युलाने दिल्यास सुमारे ४०,८८२ सिरिंजांमागे एक, असा धमनीरोधाचा हिशेब निघाला. मात्र ही संख्या प्रशिक्षित हातांची आहे. ब्यूटी पार्लरमधील हातांची गणना कोणी ठेवीत नाही.

लक्षणे पाठ असावीत. टोचताच वा काही तासांत प्रमाणाबाहेर वेदना, त्वचा पांढरीफटक पडणे, नंतर जाळीदार निळसर-जांभळी छटा, दाबून सोडल्यावर रंग परत येण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पुटकुळ्या येतात आणि तेव्हा हा प्रकार नागीण किंवा मुखदूषिका समजला जातो. येथेच आपली फसगत होते. अशा त्वचेवर शीत लेप लावणे, बर्फ ठेवणे किंवा रक्तशोधक काढा देऊन "तीन दिवसांनी या" म्हणणे म्हणजे मौल्यवान वेळ घालविणे होय. जळवांच्या लाळेत हायलुरॉनिडेज असते हे खरे; तरीही रोध झालेल्या धमनीसाठी जळू हा उपाय नव्हे. रुग्णास तत्काळ इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे किंवा ते न भेटल्यास त्वचारोग वा प्लास्टिक सर्जरी विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे, तत्पूर्वी दूरध्वनीने हायलुरॉनिडेज उपलब्ध असल्याची खात्री करावी. दृष्टी धूसर झाली, डोळा दुखू लागला वा पापणी पडली तर हिशेब मिनिटांचा असतो. संध्याकाळी हिंजवडी-वाकडची वाहतूक पार करावयाची असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नये.

आता निवडीविषयी. इंजेक्शन देणारा त्वचारोग वा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर अर्हता असलेला, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असावा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत कार्यशाळा वा यूट्यूब पाहून घेतलेले शिक्षण अशा प्रक्रियांसाठी पुरेसे मानलेले नाही. आपल्यापैकी कोणी दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर सिरिंज हाती घेत असल्यास त्यानेही हे वाचावे. रुग्णेने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : "हायलुरॉनिडेज याच खोलीत आहे का, आणि किती कुप्या?" उत्तरात चाचपडणे दिसले तर उठून यावे. सीलबंद सिरिंज तिच्या समोर उघडली जावी. उरलेले जेल पुढील वेळेसाठी ठेवणे किंवा मैत्रिणीसोबत वाटून घेणे सर्वथा वर्ज्य. पेटीतील बॅच क्रमांकाची चिकटपट्टी मागून घ्यावी. गर्भिणी, स्तन्यदा, चेहऱ्यावर संसर्ग वा ओठांवर नागीण असलेल्या व्यक्तींनी थांबावे. मधमाशी चावल्याने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते आधी सांगावे, कारण त्या विषातही हायलुरॉनिडेज असते. रक्त पातळ करणारी औषधे मात्र मूळ चिकित्सकास न विचारता बंद करू नयेत. विवाह असल्यास किमान तीन-चार आठवडे आधीचा दिवस ठरवावा. सूज व काळे डाग वधूच्या मुहूर्ताची वाट पाहत नाहीत.

औषधविक्रेत्यांसाठी थोडे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने उपकरणांच्या विक्रीसाठी एमडी-४२ नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद आली. फिलर विदेशी असेल तर वेष्टनावरील आयातदाराचे नाव व परवाना क्रमांक पाहावा. निम्म्या किमतीत, बिलाविना देऊ केलेली पेटी दुकानात घेऊ नये. सुईविना फिलर देणाऱ्या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला आहे. ती "उपकरणे" विकण्याचा मोह टाळावा.

फिलर घेऊन दोन आठवडे उलटेपर्यंत मुखाभ्यंग, बाष्पस्वेद व नस्याचे पूर्वकर्म करू नये. जेल सरकते, सूज वाढते. म्हणून केसपेपरवर वय व प्रकृतीच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : चेहऱ्यात काही टोचून घेतले आहे का, कोठे, केव्हा, आणि चिकटपट्टी जवळ आहे का.