परतलेल्याचा वीरगळ

फौजेतली नोकरी पुरी करून जवान गावी येतो, तेव्हा अकोला-अमरावतीच्या खेड्यांत आता उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. गुलाल उधळतात, आयाबाया दारोदारी ओवाळतात. बहुतेकांचं पुढचं आयुष्य शेती, मुलांचं शिक्षण, नवी नोकरी यांत सुरळीत जातं. काहींच्या बाबतीत मात्र कधी सहा महिन्यांनी, कधी सहा वर्षांनी घरच्यांच्या ध्यानात येतं, की या माणसाला रात्रीची झोप नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की तो आतल्या खोलीत जाऊन बसतो आणि तासभर बाहेर येत नाही. ‘त्याचं डोस्कं गरम राह्यते बाप्पा,’ असं म्हणून गावातलं निदान तिथेच संपतं.

डॉक्टरांनाही या दुखण्याला नाव द्यायला फार वेळ लागला. अमेरिकन यादवी युद्धातल्या जवानांची छाती धडधडताना पाहून जेकब दा कोस्टाने 1871 मध्ये हृदयाचाच विकार नोंदवला. चार्ल्स मायर्सने 1915 मध्ये ‘द लॅन्सेट’मधल्या लेखात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो जगभर गेला. ‘पीटीएसडी’ (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे आजचं नाव अधिकृत झालं ते थेट 1980 मध्ये. मायर्सचा जुना सहकारी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याचा इथे उल्लेख करायलाच हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या वंशावळी टिपत होता. पंधरा वर्षांनी स्कॉटलंडच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात खचलेल्या लष्करी अधिकाऱ्यांपुढे तो तशाच धीराने ऐकत बसला. ‘विसरून जा’ हा सल्ला चुकीचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

विसरणं का जमत नाही, हे समजून घ्यायला आपल्याकडचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या नावाचा कोरीव दगड, फार कामाचा आहे. वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या खणात लढाई आणि आडवा पडलेला वीर, मधल्या खणात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर तळाशी वल्ह्यांची जहाजं आहेत, समुद्रावरची अख्खी झुंज आहे. पाथरवटाने केलं काय, तर एक भयंकर दिवस चार खणांत बसवला. त्याला ‘आधी’ दिलं, ‘नंतर’ दिलं आणि तो सगळ्यांना दिसेल असा उभा केला.

हा दगड पडलेल्याचा. त्याच लढाईतून जिवंत परतलेल्यासाठी मात्र पाथरवटाने छिन्नी उचलली नाही, आणि खरं तर तोच तळाच्या खणात अडकलेला असतो. साधी आठवण मेंदूत जाते ती तारीख-वार घेऊन. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांनी राहते: डिझेलचा वास, एक किंकाळी, धुळीतला एक हात. ती वर येते तेव्हा ‘तेव्हा घडलं’ असं वाटत नाही, ‘आत्ता घडतंय’ असं वाटतं. स्कॉट राउच, बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अशा आठ रुग्णांना त्यांचीच हकिकत ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. भीतीशी निगडित अमिग्डला आणि दृष्टीशी संबंधित भाग उजळले, तर शब्द जुळवणाऱ्या ब्रोका क्षेत्राचं काम मंदावलं. आपण म्हणतो ना, वाचा बसली, बोबडी वळली! रुग्ण फक्त आठच होते, तेव्हा या चित्रांवर फार मोठी इमारत उभारू नये. पण दिशा कळते. जिथे चित्र धगधगतंय आणि शब्द सुचत नाहीत, तिथे ‘बोल, मन मोकळं कर’ एवढंच सांगून भागत नाही.

मानसशास्त्रज्ञ एमिली होम्सच्या 2009 मधल्या प्रयोगाने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने दाखवली. चाळीस निरोगी माणसांना अपघात-मृत्यूंची विदारक फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढच्या आठवडाभरात त्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढे फिल्ममधली दृश्यं कमी वेळा आली. नंतरच्या प्रयोगात शब्दांची प्रश्नमंजूषा देऊन पाहिली, तिचा असा उपयोग झाला नाही. म्हणजे चित्राच्या जागेवर हक्क सांगावा तर दुसऱ्या चित्रानेच, असं दिसतं.

चित्रांतून उपचाराला ‘आर्ट थेरपी’ हे नाव देणारा माणूस डॉक्टर नव्हता, पहिल्या महायुद्धातला सैनिक होता. एड्रियन हिल, जन्म 1895. इंपीरियल वॉर म्युझियमसाठी त्याने पश्चिम आघाडीची रणभूमी चितारली. पुढे 1938 मध्ये क्षयाने गाठलं आणि ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये तो खाटेला खिळला. तिथे पडल्या पडल्या समोर दिसेल ते रेखाटू लागला आणि आपण सावरतोय हे त्याला जाणवलं. मग शेजारच्या खाटांवर कागद-पेन्सिली गेल्या, दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या जखमी सैनिकांपर्यंत गेल्या. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने 1942 मध्ये वापरला आणि 1945 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या उपचाराची पहिली प्रयोगशाळा म्हणजे एका माजी सैनिकाची खाट होती, हे मानसशास्त्राच्या वर्गात ठळकपणे सांगायला हवं.

त्याच धाग्याचं आजचं टोक एका भारतीय संशोधिकेच्या हातात आहे. गिरिजा कैमल अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकल्या आणि पुढे अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात संशोधन करू लागल्या. वॉशिंग्टनजवळच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कला-उपचारतज्ज्ञ मेलिसा वॉकर सैनिकांकडून कोरे मुखवटे रंगवून घेत. कुणी मुखवट्याचे ओठ शिवून टाके, कुणी कवटी उघडी दाखवे. कैमल, वॉकर आणि सहकाऱ्यांनी अशा 370 सैनिकांचे मुखवटे त्यांच्या आजाराच्या मोजमापांशी ताडून पाहिले. ज्यांच्या मुखवट्यावर मनाची जखम होती त्यांचा पीटीएसडी जास्त होता. ज्यांनी आपल्या पलटणीची ओळख रंगवली त्यांचा कमी. लष्करी चिन्हं तुटलेली, विखुरलेली होती त्यांची चिंता वाढलेली. आपली माणसं त्या चेहऱ्यावर आहेत की नाहीत, याच प्रश्नाचं उत्तर जणू रंगातून मिळत होतं.

उत्साहाला इथे लगाम घालायला हवा. कैमल यांचाच 2016 मधला अभ्यास ‘चित्र काढा, तणाव पळवा’ अशा मथळ्यांनी जगभर फिरला. त्यात 39 निरोगी माणसांनी 45 मिनिटं माती, रंग, कात्रणं हाताळली आणि सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक उतरलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कुणी युद्धावरून आलेलं नव्हतं. बाजारात ‘तणावमुक्ती’ म्हणून विकली जाणारी रंगवायची पुस्तकं आणि प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने केलेलं काम यांत महदंतर आहे. पीटीएसडीवर सर्वाधिक पुरावा आजही आघाताला सामोरं नेणाऱ्या बोलण्याच्या उपचारांचा आहे. चित्र त्या बोलण्यापर्यंत पोचवू शकतं. ज्याची वाचा बसली आहे त्याच्यासाठी हे फार मोठं काम आहे.

महाराष्ट्रात या गोष्टीची मुळं जुनी आहेत. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली. हेतू पोटापाण्याचा होता, पण मोडलेल्या माणसाच्या हाताला काम मिळालं. खडकीतच 1974 पासून पक्षाघाती सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या तिथल्या जवानांनी दातांत कुंचला धरून निसर्गचित्रं रंगवली आहेत. मणक्याची जखम आणि मनाची जखम वेगळी, पण कुंचला धरणारा माणूस दोन्हीकडे एकच.

वऱ्हाडात तो कुंचला पोचवणार कोण? मनोविकारतज्ज्ञ शहरात, जवान खेड्यात. पण याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार करून नैराश्यावर काम केलं. उपचार घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, असं 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं. प्रकल्प शेतकरी कुटुंबांसाठी होता, पण फौजीचं घरही त्याच गल्लीत असतं. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा खास कक्ष आहे. अकोला-अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या सैनिक कल्याण कार्यालयांना या दोन धाग्यांची गाठ मारता येईल. सोबत रंग आणि माती ठेवायला खर्च तो किती!

आणि याच अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाट आहे. तिथले कोरकू आदिवासी मृताच्या नावाने सागाचा मुंडा, म्हणजे लाकडी स्मृतिफलक, कोरतात: घोडेस्वार आणि वर चंद्र-सूर्य, थेट वीरगळासारखे. तो उभारण्याचा विधी म्हणजे सिडोळी. ती होईपर्यंत मृताचा जीव घरच्यांना त्रास देत राहतो, अशी जुनी समजूत. सिडोळी मृत्यूनंतर लगेच करावी असं बंधन नसतं. काही महिने जातात, कधी वर्षं जातात. सवड झाली, पैका जमला, सगेसोयरे गोळा झाले, की मग लाकूड निवडलं जातं.