चांगली बाजू खाली : विजेच्या करवतीने स्वच्छ काप कसा मिळतो



आमच्या सुतारकामाच्या वर्गात शिकून गेलेल्या एका तरुणाला गेल्या पावसाळ्यानंतर पहिले मोठे काम मिळाले. तालुक्याच्या गावी एका गुरुजींच्या स्वयंपाकघराला कपाटाची दारे बसवायची होती. भेट म्हणून मिळालेली विजेची गोल करवत त्याच्याजवळ होती. मायका चिकटवलेले प्लायवूड चांगल्या प्रतीचे होते आणि मापही बरोबर होते. पण दारे कापून झाली तेव्हा पांढऱ्या मायकाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. सगळीकडे टवके उडाले होते. घरमालकांनी दारे परत केली आणि नव्या शीटचे पैसे त्याच्या मजुरीतून गेले.

तो आमच्याकडे आला तो मान खाली घालूनच. "सर, माझा हात अजून बसला नाही," म्हणाला. खरे तर हात चांगला बसला होता आणि करवतीतही दोष नव्हता. दाराची दर्शनी बाजू वर ठेवून त्याने काप घेतला होता, एवढीच चूक. आपण प्रेमाने जी यंत्रे देता त्यांचे चीज कशाने होते हे आपल्यालाही कळावे, म्हणून हा विषय थोडा उलगडून सांगतो. ज्यांच्या घरी अशी करवत आहे त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

टवके का उडतात?

लाकूड म्हणजे तंतूंची घट्ट जुडी. गवत कापताना आपण ते मुठीत आवळून धरतो. मूठ सैल पडली तर विळा गवत कापत नाही, उपटतो. लाकडाचेही तसेच आहे. करवतीचा दात फळीत शिरतो तेव्हा तंतूंच्या मागे उरलेल्या फळीचा आधार असतो, म्हणून ते नीट कापले जातात. दात जेथून बाहेर पडतो तेथे मात्र मागे मोकळी हवा असते. तेथले तंतू कापले जाण्याऐवजी उचलले जातात आणि फाटतात. म्हणजे दात कोठून बाहेर पडतो हे ज्याला कळले, त्याला टवके कोणत्या बाजूला उडणार हे आधीच सांगता येते.

हातात धरून चालवायच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. अशा वेळी फळीची चांगली बाजू खाली ठेवावी आणि माप मागच्या बाजूला आखावे. टेबलात बसवलेल्या करवतीचे याच्या उलट असते. तेथे दात वरून खाली जातात, म्हणून चांगली बाजू वर ठेवायची. वळणदार काप घेणाऱ्या जिगसॉचे नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून तेथेही चांगली बाजू खाली हवी. आमच्या तरुणाने वर्गात टेबलाच्या करवतीवर जास्त काम केले होते. तीच सवय त्याने हातातल्या करवतीला लावली.

पाते कोणते?

नव्या करवतीबरोबर बहुधा २४ दातांचे पाते येते. १८४ मिलिमीटरच्या करवतीला असे पाते फळी उभी चिरायला, म्हणजे तंतूंच्या दिशेने कापायला, उत्तम असते. दात थोडे आणि त्यांच्यामधल्या खाचा मोठ्या असल्याने भुसा भरभर बाहेर पडतो. पण आडवा काप घ्यायचा असेल किंवा प्लायवूड कापायचे असेल तर ४० ते ६० दातांचे पाते हवे. दात जास्त असले की प्रत्येक दात थोडेच लाकूड काढतो आणि कड गुळगुळीत राहते.

आपल्या भागात सागवान पुष्कळ वापरतात. सागाच्या लाकडात वाळूतले सिलिका असते आणि ते साध्या पोलादाची धार लवकर घालवते. म्हणून टोकाला कार्बाइड बसवलेले पाते घ्यावे. पात्याला डिंक आणि चीक चिकटला तरी ते बोथट झाल्यासारखे वागते. धार लावायला देण्याआधी पाते काढून गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना ब्रश यांनी स्वच्छ करून पाहावे.

येथे एक इशारा द्यायला हवा. पुष्कळ कारागीर फरशी कापायच्या कटरला लाकडाचे पाते लावून काम करतात. हा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, म्हणजे साध्या गोल करवतीच्या दुपटीहून जास्त. पात्यावर त्याच्या फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते पाते त्या यंत्राला कधीही लावू नये. शिवाय या कटरला लाकडाच्या करवतीसारखे आपोआप झाकले जाणारे कव्हर नसते. हात घसरला तर बोट जाते.

कापण्याआधीची दहा मिनिटे

पात्यालाही जाडी असते, साधारण दोन-तीन मिलिमीटर. तेवढे लाकूड भुसा होऊन जाते. म्हणून पाते रेघेवर न चालवता टाकाऊ बाजूला चालवावे. पाते फळीच्या खाली एका दाताच्या उंचीइतकेच बाहेर यावे. त्याने दात तिरपे बाहेर पडतात, टवके कमी होतात आणि धोकाही कमी होतो.

नुसत्या हाताने सरळ काप येत नाही. गुण्या लावून रेघ आखावी आणि करवतीच्या बुडाला टेकेल अशी सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळावी. मग डोळा पात्यावर न ठेवता करवत पट्टीला चिकटून चालली आहे ना, एवढेच पाहावे.

फळीला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. कापलेला तुकडा अधांतरी लोंबला तर शेवटच्या दोन इंचांत तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कडेची धलपी घेऊन जातो. उलट फळी मध्यभागी खचली तर काप मिटतो, पाते आवळले जाते आणि करवत उसळून अंगावर येते. जमिनीवर चार समान पट्ट्या टाकून त्यांवर शीट ठेवली की दोन्ही संकटे टळतात.

कामाच्या दोन्ही बाजू दर्शनी असतील तर रेघेवर कागदी चिकटपट्टी दाबून लावावी किंवा धारदार चाकूने रेघ आधीच खोल ओढावी. चाकूने तुटलेला तंतू पुढे फाटत नाही. याहून उत्तम म्हणजे वर प्लायवूडचा टाकाऊ तुकडा आवळून दोन्ही एकदम कापावेत. टवके त्या तुकड्याचे उडतात.

कापताना

करवत पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावी. ती रेटू नये आणि फार रेंगाळूही नये. रेटली तर कड फाटते, रेंगाळली तर जळून काळी पडते. आवाज जड झाला तर थोडे थांबावे. सैल कपडे, गळ्यातला गमछा आणि हातमोजे नकोत, चष्मा हवा. पाते बदलताना आधी प्लग काढावा. नाकाला चांगला मास्क लावावा, कारण लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे.

आपल्याला एक विनंती

आमच्या त्या तरुणाने चार दिवसांनी दारे पुन्हा केली. करवत तीच होती. फक्त ६० दातांचे पाते, एक सरळ पट्टी आणि उलटी ठेवलेली शीट एवढा फरक होता. गुरुजींनी दारे बसवून घेतली आणि शेजारच्यांचे कामही त्यालाच मिळवून दिले.

म्हणून आपण एखाद्या तरुणाला यंत्र देणार असाल तर त्याबरोबर एक बारीक दातांचे पाते, दोन क्लॅम्प, चष्मा आणि मास्कही द्या. यंत्राच्या मानाने हा खर्च थोडा आहे, पण परत आलेल्या दारांची भरपाई त्याच्या मजुरीतून जाऊ नये एवढे बळ त्यात आहे. आणि करवत हाती घेणाऱ्या आपल्या मुलांच्या बोटांसाठी व डोळ्यांसाठी प्रार्थना करीत राहा.