स्वतःशी बोलावं, पण काय?

२४ फेब्रुवारी २०१०. ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानात शेवटचं षटक सुरू होतं आणि सचिन तेंडुलकर १९९ वर होता. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत तोवर कुणीच २०० गाठले नव्हते. विक्रम होता १९४ चा. गोलंदाज लँगव्हेल्टचा चेंडू ऑफला ढकलून त्याने ती धाव घेतली. १४७ चेंडू खेळून दमलेल्या ३६ वर्षांच्या फलंदाजाने अशा वेळी मनाशी काय म्हणावं? ‘मी महान आहे, मी जिंकणारच’? मुंबईच्या मैदानावरच्या कुठल्याही कोचला हसू येईल. त्यांची शिकवण दोन शब्दांची असते : बघून खेळ.

कोचच्या बाजूने आता आकडेही आहेत. ग्रीसमधल्या थेसली विद्यापीठाच्या हाट्झिजिओर्गियाडिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये खेळाडूंच्या स्वसंवादावरचे ३२ अभ्यास एकत्र तपासले. स्वतःशी ठरवून बोलण्याने कामगिरी सुधारते, तीही बऱ्यापैकी. पण नेम धरणं, चेंडू अचूक टोलवणं अशा नाजूक हालचालींत ‘तू करू शकतोस’पेक्षा ‘कोपर वर’, ‘नजर चेंडूवर’ असं नेमकं सांगणारं वाक्य जास्त कामी आलं. ग्वाल्हेरातच, १८५७ च्या शताब्दीला म्हणजे १९५७ मध्ये सुरू झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. क्रीडा मानसशास्त्र हा तिथल्या अभ्यासाचा विषय आहे, आणि स्वसंवाद हे त्या शास्त्रातलं महत्त्वाचं प्रकरण.

स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य घोकण्याची पद्धत मात्र खेळातून आलेली नाही. ती लोकप्रिय केली एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने. आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत, अशा अर्थाचं वाक्य सकाळ-संध्याकाळ वीसदा पुटपुटायचं आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हाताशी ठेवायची, हा त्याचा उपाय. जपमाळ ओढणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. आज दोरीच्या जागी मोबाइलचं ॲप आलं आहे, इतकाच फरक.

अशी वाक्यं खरंच बरं वाटायला लावतात का? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. सहभागींनी चार मिनिटं मनातले विचार लिहायचे होते. त्यांतल्या निम्म्यांना, दर १५ सेकंदांनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनात म्हणायला सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात चांगलं वाटत होतं, त्यांचा मूड किंचित सुधारला. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता, त्यांना मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध, त्यांनाच ते बाधलं. पटत नसलेलं वाक्य घोकलं की मन लगेच उलट पुरावे काढून बसतं, असा वुड यांचा अंदाज. त्यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात कमी आत्मसन्मानाच्या लोकांना हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे खोटं, दोन्हीचा विचार करायची मुभा दिली. ‘फक्त खरं कुठे ते बघा’ अशी सक्ती झालेल्यांपेक्षा ही मंडळी बऱ्या मनःस्थितीत होती. शंकेला जागा ठेवलेली बरी, असं दिसतं. सकारात्मकतेच्या शिबिरांत हा प्रयोग ऐकायला मिळत नाही.

वाक्य कुणाला उद्देशून आहे, यानेही फरक पडतो. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की भाषणाच्या तयारीत ‘मी’ टाळून स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणारे कमी घाबरतात आणि बोलतातही बरे. आपल्या ताणाकडे मग थोडं दुरून बघता येतं. मराठी घरांना, मग ती साताऱ्यातली असोत की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, ही रीत परकी नाही. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि त्यांत मनालाच हाक मारून बोललेलं आहे. म्हणून समर्थांनी मिशिगनच्या आधीच हे सिद्ध केलं, असं कुणी फॉरवर्ड करू नये. उपदेश वेगळा, प्रयोग वेगळा.

आणि धडधड? मुलाखतीच्या दाराबाहेर आपण स्वतःला ‘शांत हो’ म्हणतो, पण धावतं हृदय असं सांगून थांबत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये निराळी वाट सुचवली. अनोळखी माणसासमोर गाण्याआधी काहींना ‘मला भीती वाटतेय’ म्हणायला सांगितलं, काहींना ‘मला उत्साह आलाय’. दुसरे जास्त सुरात गायले. भीती आणि उत्साह दोन्हींत शरीर तापलेलंच असतं. त्यामुळे भीतीवरून उत्साहावर येणं हे भीतीवरून शांततेवर येण्यापेक्षा सोपं.

ब्रूक्स यांच्या प्रयोगात सुराला गुण देत होता एक व्हिडिओ गेम. डिसेंबरातल्या तानसेन समारोहात समोर ग्वाल्हेरचे श्रोते असतात, आणि रियाज न झालेली तान नुसत्या उत्साहाने त्यांच्या गळी उतरत नाही. थेसलीच्या त्या आढाव्यातही सरावात मुरवलेलं वाक्यच ऐनवेळी हाती दिलेल्या वाक्यापेक्षा सरस ठरलं होतं.