पिसे उपटणे, पोपटातील
पिंजऱ्यातील पोपटाने स्वतःची पिसे चोचीने ओढून काढणे, कुरतडणे वा तोडणे या विकृत वर्तनास ही संज्ञा आहे. आफ्रिकी करडा पोपट व काकाकुवा यांत ही विकृती विशेष आढळते. रानातील पोपटांत ती सहसा दिसत नाही. छाती, पोट, पाय व पंखांखालील भाग उघडा पडतो. डोक्यावरची पिसे मात्र शाबूत राहतात, कारण तेथे चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसे गेली असल्यास विषाणुजन्य रोगाची किंवा सोबतच्या पक्ष्याने ती उपटल्याची शंका घ्यावी लागते. नैसर्गिक पीसझडीत कातडी उघडी पडत नाही व नवे कोंब लगेच दिसू लागतात.

कारणे : त्वचेचा संसर्ग, परजीवी, यकृताचे विकार, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांमुळे होणारी विषबाधा व केवळ बियांच्या आहाराने उद्‌भवणारी अ जीवनसत्त्वाची न्यूनता ही शारीरिक कारणे होत. एकटेपणा, भीती, अपुरी झोप व कंटाळा ही मानसिक कारणे होत. कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील आंबा घाटाच्या जंगलात निळ्या पंखांचा पोपट (सिटॅक्युला कोलंबॉइडिस) आढळतो. तो पश्चिम घाटाबाहेर सहसा आढळत नाही. अशा रानपोपटांचा दिवस थव्याने हिंडण्यात, फळे-बिया शोधण्यात व पिसारा साफ करण्यात जातो. पिंजऱ्यातील वाटीतले खाद्य थोड्याच वेळात संपते. मग रिकामी चोच पिसाऱ्याकडे वळते.

उपाय : प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून शारीरिक रोग नाही याची खात्री करावी. त्यानंतर पिंजरा प्रशस्त करून तो घरातील वावराच्या, परंतु धूर व गोंगाट नसलेल्या जागी ठेवावा. दहा ते बारा तास अंधार व शांतता मिळावी. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, गाजर, पपई व पेरू द्यावेत. खाद्य कणसात, शेंगांत किंवा कागदाच्या पुडीत दडवावे. कुरतडण्यास बिनविषारी झाडांच्या साली असलेल्या डहाळ्या द्याव्यात. अमेरिकेत ॲमेझॉन पोपटांच्या पिलांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अन्न शोधण्याची संधी दिल्याने ही सवय टळते व जडलेली कमी होते, असे दिसून आले. अंगावर पाण्याचा हलका फवारा मारावा. पिसे उपटताना रागावू नये. ओरडण्यानेही पक्ष्यास हवे असलेले लक्ष मिळते व सवय बळावते. गळपट्टी जखमेपुरतीच उपयोगी असते, मूळ कारण तिने जात नाही. पीसमुळे कायमची निकामी झाल्यास पिसे पुन्हा येत नाहीत. म्हणून उपचार लवकर सुरू करावे लागतात.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय जातींचे पोपट पकडणे, विकणे व पाळणे यांस मनाई आहे. तथापि पिंजऱ्यात वाढलेला, पिसे गमावलेला पक्षी एकाएकी रानात सोडल्यास तो जगणे कठीण असते. त्यास वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय.