खिडकीमागचा अदृश्य कारकून

कचेरीच्या खिडकीपुढे रांग लावून ज्याने अर्ज दिला आहे, त्याला एक वाक्य पाठ असते: "हे चालायचे नाही!" का चालायचे नाही, हे विचारायची सोय नसते. आता पुष्कळशा रांगा गेल्या, अर्ज पडद्यावर आले. कारकून मात्र गेला नाही; तो यंत्रात जाऊन बसला. त्याने कसे वागावे, हे ठरवतो प्रोग्रामर.

वेबवरच्या असंख्य अर्जांमागे पीएचपी ही भाषा असते. रासमुस लर्डॉर्फ यांनी १९९४ साली ती सुरू केली. पुढच्याच वर्षी काही काळ तिचे नावच 'फॉर्म्स इंटरप्रिटर', म्हणजे अर्जांचा दुभाषा, असे होते! या भाषेत दर वेळी पायापासून बांधकाम करावे लागू नये, म्हणून तयार चौकटी निघाल्या. टेलर ऑटवेल यांची २०११ सालची 'लाराव्हेल' ही त्यांतलीच एक.

या चौकटीत प्रत्येक रकान्याला नियम लावता येतात. 'रिक्वायर्ड' म्हणजे रिकामा चालणार नाही. 'मॅक्स २५५' म्हणजे २५५ अक्षरचिन्हांपेक्षा अधिक नको. ब्राउझरमधली तपासणी ही केवळ भरणाऱ्याची सोय. ती कोणालाही चुकवता येते. खरी तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे. चूक निघाली तर अर्ज शेऱ्यांसह परत येतो. प्रोग्रामरने 'ओल्ड' हे साधन वापरले असेल, तर भरलेला मजकूरही जागच्या जागी राहतो. पासवर्ड तेवढा मुद्दाम पुन्हा विचारला जातो.

इथवर सारे ठीक. पण समजा, शाळेच्या प्रवेश-अर्जात नावाच्या रकान्याला कोणी 'अल्फा' हा नियम लावला. त्याला अक्षरे चालतात, काना-मात्राही चालतात. मधली मोकळी जागा मात्र चालत नाही. झाले! 'सीता रामचंद्र जोशी' एका रकान्यात लिहिणारी आई अडली. त्यावर 'अस्की'ची अट घातली, तर देवनागरी नाव पुरतेच बाद. वसईच्या किंवा गोव्याच्या डिसूझांनी रोमन लिपीत नाव लिहिताना डीनंतर वरचा स्वल्पविराम दिला, की तेही नापास. स्वतःचे नाव बरोबर लिहूनही माणूस चुकीचा ठरतो!

यावर उपाय चाचणीचा. लाराव्हेलमध्ये लुटुपुटीचे अर्ज पाठवणाऱ्या चाचण्या लिहून ठेवता येतात. प्रत्येक फेरबदलानंतर एका आज्ञेसरशी त्या साऱ्या चालतात. रिकामा रकाना, वाकडातिकडा ईमेल यांना नकार मिळतो ना, हे बहुतेक जण पाहतात. पण जोशीबाईंचा आणि डिसूझांचा अर्ज स्वीकारला जातो ना, हेही पाहायला हवे. तेच नेमके राहून जाते.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी या धंद्यात असेल, तर दिवाळीच्या फराळाला बसल्यावर सहज विचारून पाहा, "तुझ्या अर्जात आजीचे पूर्ण नाव बसते का रे?"