मधुमेह आहे? मग पायाकडे बघा

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांची संवेदना मंदावते. चप्पल चावली, काटा रुतला तरी पत्ता लागत नाही. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे न्याहाळा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. भेगांना खोबरेल चालेल, बेचक्यांत नको. ओल राहिली की चिखल्या होतात. कुरूप ब्लेडने कोरण्याची हौस सोडा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा? देव समजून घेईल, जाड मोजे घाला. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून संवेदना तपासून घ्या: १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, तेवढंच. फोड, जखम किंवा काळसर डाग दिसला तर हळद लावून वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.